कांबळे साहेब आणि साडेतीनशे ग्रॅम

आमच्या घरी चहाला येणारी माणसं चहा पितात. कांबळे साहेब तो आधी तोलतात. कपबशी तळहातावर ठेवून, डोळे अर्धे मिटून, हात दोनदा वरखाली करून ते म्हणतात, "तीनशे साठ." मग पिशवीतनं ताटली टांगलेला स्प्रिंगचा काटा निघतो. काट्यावर तीनशे त्रेसष्ट भरतं. तीन ग्रॅमची चूक झाली म्हणून साहेबांचा चेहरा पडतो आणि तोवर चहाचं पाणी होतं. माझी बायको आता त्यांना मुळात कोमटच चहा देते. अजून ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

लग्नाची पत्रिका, नवी चप्पल, बाजारातनं आणलेला नारळ, काहीही त्यांच्या हातात द्यायची सोय नाही. एका बारशाला त्यांनी पाळण्यातलं पोर उचललं आणि तीन किलो शंभर असं जाहीर केलं. पोराची आई दवाखान्याचा कागद दाखवायला लागली, त्यावर तीन किलो लिहिलेलं. साहेब शांतपणे म्हणाले, कागद खरा असंल, पर मग लंगोट ओला असणार. लंगोट ओला निघाला. तेव्हापासून कसबा बावड्यात त्यांना बारशाला कुणी बोलवत नाही.

आता हा माणूस वाणी असता तर मी काही बोललो नसतो. पण कांबळे साहेब दुर्बिणींचे डिझायनर. उत्तरेकडं एका सरकारी कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. काम एकच. दिवसा लांबचं दिसावं, रात्री अंधारातलं दिसावं आणि पहारा करणाऱ्या माणसाला ते गळ्यात अडकवून हिंडता यावं, असलं यंत्र कागदावर काढायचं. कागदावरनं त्याचे एकदोन नमुने बनायचे. वरचे साहेब येऊन ते डोळ्याला लावायचे, उत्तम असा शेरा मारायचे आणि नमुना लोखंडी कपाटात जायचा. पुढच्या वर्षी नवा कागद. अशी तीन कपाटं भरल्यावर, नव्वद सालच्या सुरुवातीला, साहेबांनी नोकरी सोडली आणि बावड्यात घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि तो काटा. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणाल्या, सरकारची कपाटं भरली, आता माझं भरायला आलेत.

माझा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आहे. साहेबांच्या यंत्रांचे सांगाडे मी करून द्यायचो, ही माझ्या आयुष्यातली शिक्षा. बाकीची गिऱ्हाईकं काम घेऊन जातात. कांबळे साहेब घेऊन गेले की दुसऱ्या दिवशी परत आणतात. "बापू, अर्धा मिलीमीटर अजून काढ की." अर्धा काढला की पाव काढ. पाव काढला की म्हणणार, हितं एक भोक पाड. भोक कशासाठी, तर भोकाला वजन नसतं. एकदा मी चिडून म्हणालो, साहेब, नुसती भोकंच न्या पिशवीत घालून, ॲल्युमिनियम कशाला पाहिजे. त्यावर ते खरोखर विचारात पडले.

चार ग्रॅमसाठी एवढा जीव का काढता, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी माझ्याच हजेरीपुस्तकावर हिशोब मांडला. पहारेकरी दिवसाला दहा हजार पावलं चालतो. दहा हजार गुणिले चार ग्रॅम, म्हणजे चाळीस किलो. म्हणजे गुळाचा एक रवा, तीस किलोची ढेप, आणि वर दहा किलो. असलं गणित कुठल्या शाळेत शिकवतात मला ठाऊक नाही. पण त्यांचे वडील गूळबाजारात हमाल होते आणि पाठीवर रवे वाहून वाहून म्हातारपणी त्यांना सरळ झोपता येत नव्हतं, हे मला वहिनींनी सांगितलं होतं. म्हणून मी भोक पाडलं.

साहेबांचं पेटंट वाक्य म्हणजे "गळ्यात घालून बघ की." नव्या यंत्राच्या आकाराचा आणि वजनाचा एक पितळी ठोकळा ते आधी करून घेत आणि आठ तास कुणाच्या तरी गळ्यात अडकवत. मान दुखली की डिझाइन नापास. पहिला मान वहिनींचा. त्या ठोकळा घालून भाकरी थापायच्या, धुणं धुवायच्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "बापानं एवढं सोनं घातलं न्हाई, ह्यांनी पितळ तरी घातलं." वहिनी कंटाळल्या की ठोकळा गल्लीत फिरायचा. पोस्टमननं बावड्याचा रस्ता बदलला तो यामुळंच.

एकदा तो ठोकळा माझ्या गळ्यात असताना मेहुण्याचं लग्न आलं. आठ तास पुरे व्हायचे होते. साहेबांनी शपथ घातली होती. मी तसाच गारगोटीला गेलो. मांडवात शिरल्याबरोबर मुलीकडच्या मंडळींनी मला फोटोग्राफर समजून पुढं ढकललं. एक म्हातारा म्हणाला, "पावणं, आमचा समद्यांचा एक काढा." ज्याला एक बटण नाही, एक काच नाही अशा पितळेच्या ठोकळ्यानं मी त्या दिवशी सव्वीस फोटो काढले. जरा हसा, असंही म्हणालो. ती मंडळी अजून फोटो मागतात. साहेबांना हे सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, "मान दुखली का?"

असं करत करत अकरा वर्षांनी 'दिवसरात्र' तयार झालं. हे त्यांनी यंत्राला ठेवलेलं नाव. वरच्या बाजूला दिवसासाठी साधी दुर्बीण, पोटात रात्रीसाठी बारका कॅमेरा, डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकणारे चार दिवे आणि मोडक्या हँडीकॅममधनं काढलेला इवलासा पडदा. अंगठ्यानं एक खटका सरकवला की दिवसाची रात्र. सेलसकट वजन सहाशे चाळीस ग्रॅम. त्यातले सेल तेवढे साहेबांना सलायचे. सेल म्हणजे शत्रू, असं ते म्हणायचे आणि शत्रूकडं बघावं तसंच सेलकडं बघायचे.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच माझ्या शेडवर आल्या. म्हणाल्या, "भावजी, त्रेसष्ट वय झालं ह्यांचं. आयुष्यभर एवढी यंत्रं केली, एक कुणी वापरलं न्हाई. ह्ये शेवटचं म्हणत्यात. ह्ये बी कपाटात गेलं, तर मला त्येंच्याकडं बघवायचं न्हाई." मी हातातलं काम ठेवलं. या बाईनं अकरा वर्षं पितळ घालून तक्रार केली नव्हती.

मग मीच ओळखी काढून एका खात्याला ते दाखवायचं ठरवलं. खात्याचं नाव सांगत नाही, मला अजून त्यांची कामं घ्यायची आहेत. त्यांची माणसं राधानगरीच्या रानात पहाऱ्याला असतात. गवे शेतात उतरतात, लाकूडचोर शेतातनं वर चढतात, दोघांवर नजर ठेवायची. अशी बारा यंत्रं त्यांना हवी होती.

खात्याचे साहेब भरदार मिशांचे, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी थोडे थोडे बाहेर आलेले. त्यांनी 'दिवसरात्र' उचललं, खाली ठेवलं, परत उचललं आणि कानाशी नेऊन हलवलं.

"ह्यात कायतरी हाय का मोकळंच हाय?"

कांबळे साहेब खुलून म्हणाले, गळ्यात घालून बघा की. त्यांनी घातलं. इकडं मान, तिकडं मान करून म्हणाले, "जाणवतच न्हाई." कांबळे साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. अकरा वर्षांत असं कौतुक कुणी केलं नव्हतं. ही तक्रार आहे हे त्या खोलीत त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मिशीवाल्या साहेबांचंही मी चुकीचं म्हणणार नाही. हे कोल्हापूर आहे. इथं चप्पल घेताना माणूस आधी ती हातावर आपटून बघतो. लग्नात भांडी देताना तळ किती जाड आहे ते पावण्यांना दाखवतात. पैलवान बारीक आणि चपळ आहे असं कुणी सांगितलं तर त्याला मुलगी देत नाहीत. सरकारी वस्तू घ्यायची म्हणजे ती हाताला लागली पाहिजे, वर जाब द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवसांनी सुधारून आणा, मग बघू.

परतताना मी साहेबांना म्हणालो, थोडं वजन वाढवू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या दुधात पाणी नाही, रॉकेल घालायला निघालोय. एक ग्रॅम वाढणार न्हाई, म्हणाले. मग वापरणार न्हाईत, मी म्हणालो. न वापरू देत. आणि घरी जाऊन ते दोन दिवस जेवले नाहीत, हे मला वहिनींकडनं कळलं.

तेव्हा मी जे केलं ते सांगून टाकतो. यंत्राचा सांगाडा रंगासाठी माझ्याकडंच होता. शेजारच्या फौंड्रीतनं मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक वाकडा तुकडा करून घेतला आणि सेलच्या कप्प्याखाली दोन स्क्रूंनी कसून बसवला. वजन साडेतीनशे ग्रॅम. ज्या पोकळीसाठी त्या माणसानं माझ्याकडनं अकरा वर्षं भोकं पाडून घेतली होती, ती मी एका दुपारात बुजवली. जोडणीही मीच केली, यंत्र पेटीत घातलं आणि साहेबांना सांगितलं, नव्या रंगानंच खातं मानेल, रंग ओला आहे, हात लावू नका, मी थेट हपिसात घेऊन येतो. त्यांनी विश्वास ठेवला.

मिशीवाल्या साहेबांनी पेटीतनं यंत्र उचललं आणि त्यांचा हात जरा खाली गेला. चेहरा फुलला.

"आता कसं? आता वस्तू वाटती."

मग त्यांनी ते समजावून सांगायला कांबळे साहेबांच्या हातात दिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. साहेबांनी यंत्र तळहातावर घेतलं. डोळे अर्धे मिटले. एकदा वरखाली केलं, दुसऱ्यांदा करायची गरज पडली नाही. माझ्याकडं न बघता हळू म्हणाले, "तीनशे चाळीस." मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "पन्नास." मिशीवाल्यांनी विचारलं, काय म्हणताय? त्या क्षणी कांबळे साहेब खरं बोलले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. मला वाटलं, बोलतात आता. पण ते खटक्यावर अंगठा ठेवून म्हणाले, "काय न्हाई. चला, दाखवतो."

रात्रीची परीक्षा भरदुपारी रेकॉर्डच्या खोलीत झाली, कारण त्या खोलीत सूर्य गेल्याची नोंद नाही. दार लावून खटका सरकवल्यावर पडद्यावर फायलींचे ढीग दिसले आणि ढिगांच्या मागं, हजेरीवर सकाळपासून मिशीवाल्या साहेबांसोबत दौऱ्यावर असलेला शिपाई झोपलेला दिसला. साहेब तर इथंच होते. दुसऱ्या पुराव्याची गरजच उरली नाही. बारा यंत्रांची ऑर्डर निघाली. फक्त कारकुनानं त्यात एक ओळ घातली. प्रत्येक नगाचं वजन मंजूर नमुन्याप्रमाणे नऊशे नव्वद ग्रॅम असावं, घेताना तपासलं जाईल आणि दर वर्षीही तपासलं जाईल.

म्हणजे माझा वाकडा तुकडा आता सरकारी झाला. साहेब स्कूटरवर मागं बसून बावड्यापर्यंत आले. उतरल्यावर शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवस ते फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले, चहा तोलला नाही, सरळ प्यायले, आणि मला घाम फुटला. मग त्यांनी एक ड्रॉइंग टेबलावर ठेवलं. माझ्याच तुकड्याचं होतं, पण त्याला छान गोलाई दिलेली आणि दोन स्क्रूंच्या जागी बोटानं फिरेल असा एकच खरबरीत खुंटा. म्हणाले, "बापू, तुझं काम लई वाईट. लोखंड घालायचं तर नीट घालावं." मी सुटकेचा श्वास टाकला. एवढी वर्षं घालवून शेवटी म्हातारा शहाणा झाला, असं मी त्या रात्री बायकोला सांगितलं. खुंटा कशासाठी, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

बारा नग झाले. खात्यानं काट्यावर घालून घेतले. नऊशे नव्वद, नऊशे नव्वद, नऊशे नव्वद. कांबळे साहेब कोपऱ्यात उभे होते, फाशीचा दोर बरोबर मापाचा आहे का ते बघायला बोलावल्यासारखे.

पुढं तीनेक महिन्यांनी वहिनी म्हणाल्या, हे दर सोमवारी पहिल्या एसटीनं कुठंतरी जात्यात आणि दिवे लागायला परत येत्यात, विचारलं तर सांगत न्हाईत. आमचं उद्यमनगर सोमवारी बंद. पुढच्या सोमवारी मी स्कूटर काढून स्टँडवर जाऊन उभा राहिलो. साहेबांनी मला बघितलं, पळून जाण्याइतकं वय नव्हतं म्हणून मुकाट्यानं मागं बसले. राधानगरीच्या पुढं, डांबर संपल्यावर अर्धा तास चालून आम्ही एका पहाऱ्याच्या चौकीला पोचलो. ही बारावी, ते म्हणाले. आदल्या सोमवारांत अकरा झाल्या होत्या.

चौकीत ज्ञानू नावाचा पन्नाशीचा पहारेकरी होता. काडीसारखी मान, त्यात 'दिवसरात्र' अडकवलेलं आणि पट्ट्याखाली टॉवेलची घडी. साहेबांनी ती घडी बघितली मात्र, त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी यंत्र मागून घेतलं, उलटं केलं, खुंटा बोटानं फिरवला आणि बिडाचा तुकडा बाहेर काढून ज्ञानूच्या हातात ठेवला. म्हणाले, ह्ये तपासणीला लावायचं, कामाला काढायचं. कुणी लिहून दिलंय का असं विचारलं तर न्हाई म्हणायचं. ज्ञानूनं तुकडा दोरीत ओवून खुंटीला टांगला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. खात्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस, तपासणी वेगळी आणि काम वेगळं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग यंत्र परत गळ्यात घालून तो फेरीला निघाला. टॉवेल त्यानं खांद्यावर टाकला. वीसेक पावलं गेला असेल, थांबला, कपाळावर हात मारला आणि माघारी आला.

"साहेब, यंत्र चौकीतच ऱ्हायलं की," म्हणाला आणि आत जाऊन फळीवर शोधायला लागला.

मी हसायला तोंड उघडलं होतं. कांबळे साहेबांकडं बघितलं आणि मिटलं. ते चौकटीला धरून ज्ञानूकडं बघत उभे होते. ज्ञानूला आपल्याच छातीवर यंत्र सापडलं. लाजून हसला आणि चढण चढायला लागला.

मला राग आला होता, तो कशाचा ते सांगता येत नाही. मी म्हणालो, साहेब, एकाला सांगितलं असतं तरी त्यानं बाकीच्यांना सांगितलं असतं. बारा सोमवार या वयात एसटीचे धक्के कशाला खाल्ले? चौकटीवरचा हात काढून ते बाहेर आले. मग म्हणाले, "सांगितलं असतं की. खुंटा तर पोराला बी फिरवता येतोय."

"मग?"

"मला बघायचं हुतं, बापू. तेहतीस वर्षं झाली. टेबलावर बघितलंय, कपाटात बघितलंय. पहाऱ्यावरच्या माणसाच्या गळ्यात असलेलं एकदा बी बघितलं न्हवतं."

माझी मान खाली गेली. अकरा वर्षं मी या माणसाची टवाळी केली, त्याच्या यंत्रात लोखंड घातलं आणि वर उपकार केल्याच्या तोऱ्यात हिंडलो. आणि हा एवढंच बघायला डोंगर चढत होता. मी त्यांचा हात धरला. त्यांना ते आवडलं नसावं, पण सोडवून घेतला नाही.

वर ज्ञानू वळणापाशी पोचला होता. साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, डोळे बारीक केले.

"दिसतोय का रं अजून?"

वळणावर नुसती झाडं होती. "दिसतोय," मी म्हणालो. "चाललाय की झपाझपा."